पैलवानाचं रक्त

पैलवानाला शिव्या द्यायचा हक्क फक्त दोघींना आहे. एक त्याची बायको आणि दुसरी मी. आम्ही दोघी तो हक्क भरपूर बजावतो. पण आमच्या संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावरच्या कुणी त्याच्याबद्दल वाकडं बोललेलं कानावर पडलं, की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. परवा तेच झालं. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी म्हणालं, "त्या ड्रायव्हरला आपलं रक्त म्हणजे सोनं वाटायला लागलंय. नुसता अडून बसलाय." मी डबा झाकला आणि उठले. त्या माणसाला मी काय सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. पण त्याला सगळी हकिगत माहीत नव्हती, आणि ती माहीत असलेली माणसं मूग गिळून बसली होती. म्हणून मीच लिहिते.

पैलवान हे त्याचं नाव नव्हे. अंगानं तो पाप्याचं पितर. मिशा तेवढ्या दणदणीत, त्यामुळे लांबून आधी मिशा येताना दिसतात आणि मागून तो. पँट कमरेला पट्ट्यापेक्षा देवाच्या भरवशावर जास्त टिकलेली. डाव्या कानानं ऐकू कमी येतं, म्हणून स्वतः कायम ओरडून बोलतो आणि वर आम्हालाच म्हणतो, "ओरडता कशाला?" आमच्या संस्थेची नमुन्यांची गाडी तो चालवतो. कुठे साथ आली की बर्फाच्या पेट्या घेऊन निघायचं, दवाखान्यांतून रोग्यांच्या रक्ताचे आणि थुंकीचे नमुने घ्यायचे आणि पेट्या गरम व्हायच्या आत परत यायचं, हे त्याचं काम. गाडी उत्तम चालवतो. तोंड त्याहून जास्त चालवतो.

त्याला पैलवान म्हणतात ते त्याच्या रक्तामुळे.

आमचं काम लशींची परीक्षा घ्यायचं. लस टोचली की माणसाच्या रक्तात अँटिबॉडी तयार होतात, म्हणजे विषाणूला धरून जखडून टाकणाऱ्या गोष्टी. त्या झाल्या का, आणि झाल्या तर त्यांच्यात खरोखर दम आहे का, हे आम्ही बघतो. प्लास्टिकच्या एका प्लेटमध्ये छोटे छोटे खळगे असतात आणि प्रत्येक खळग्याच्या तळाशी जिवंत पेशींची पातळ साय धरलेली असते. रक्त गोठलं की वर जे पिवळसर पाणी राहतं, ते सीरम. ते पातळ करत करत घ्यायचं, त्यात विषाणू मिसळायचा आणि ते मिश्रण पेशींवर सोडायचं. मग वाट बघायची. सीरममध्ये दम नसेल तर विषाणू पेशी खात सुटतो. शेवटी औषध घालून सगळं मारून टाकायचं आणि जांभळा रंग ओतून प्लेट धुवायची. पेशी शाबूत असतील तिथे जांभळं दिसतं, विषाणूनं खाल्लेल्या जागी पांढरी भोकं. बसून भोकं मोजायची. भोकं जितकी कमी, तितकं रक्त तगडं. मी आयुष्यभर भोकं मोजली आहेत. माझा नवरा लग्नात म्हणाला होता, "शास्त्रज्ञ बायको मिळाली." आता म्हणतो, "चाळणीवाली मिळाली."

पण नुसती भोकं मोजून भागत नाही. पेशींचा एखादा दिवस वाईट असतो, विषाणूला एखाद्या दिवशी जास्त चेव येतो. म्हणून रोजच्या परीक्षेत एक ओळखीचं रक्त बसवावं लागतं, ज्याचा दम किती हे आधीपासून ठरलेलं आहे. ते माप. त्या मापानं बाकीच्यांना मोजायचं. एखाद्या दिवशी मापाचंच गणित चुकलं, तर त्या दिवसाच्या सगळ्या प्लेटा सरळ कचऱ्यात जातात. आमच्याकडे अनेक वर्षं हे माप म्हणजे पैलवानाचं सीरम होतं.

त्याची गोष्ट अशी. तो तरुण असताना त्यांच्या गावात ताप आला, ज्याच्या लशी आम्ही तपासतो तोच. तेव्हा लस नव्हती. श्वासातून पसरणारा ताप, चार-सहा दिवसांत मेंदूत शिरणारा. पैलवान आणि त्याचा धाकटा भाऊ एकाच आठवड्यात आजारी पडले. दवाखान्यात एकच पलंग रिकामा होता. थोरल्यानं सांगितलं, पलंग धाकट्याला द्या. स्वतः खाली फरशीवर, चादरीवर पडला. पलंगावरचा गेला आणि फरशीवरचा राहिला. त्याचा एक कान तेवढा गेला.

वाचलेल्यांचं रक्त तपासायला आमची माणसं तिकडे गेली होती. त्याच्या प्लेटा धुतल्या तर खळगेच्या खळगे जांभळे, भोक औषधालाही नाही. कितीही पातळ करा, विषाणू चीतच. प्रयोगशाळेतल्या तेव्हाच्या बाई म्हणाल्या, "अरे, हा तर पैलवान निघाला." नाव पडलं ते पडलं. संस्थेनं त्याला ड्रायव्हरची नोकरी दिली. मला आता वाटतं, माप हाताशी राहावं म्हणून दिली.

बाटल्या संपत आल्या की त्याचं रक्त काढायचे. तो खुर्चीत बसायचा, बाही वर करायचा आणि सुई आत जाताना डोळे मिटून प्रत्येक वेळी एकच म्हणायचा, "धाकट्याच्या नावानं." एरवी अखंड बडबडणारा माणूस. तेवढंच बोलून गप्प व्हायचा. बाटली भरली की परत तोंड सुरू. "काय ताई, माझ्या रक्तावर चालतंय ना तुमचं दुकान? मग चहा कुठाय?"

प्लेट बघायचा त्याला नाद. मारून, धुऊन, रंगवून झालेल्या प्लेटेपासून धोका नसतो, ती बाहेरच्या टेबलावर मोजायला आणतात. पेट्या उतरवून झाल्या की हा येणार, आपली प्लेट मागणार, खिडकीपाशी उजेडात धरणार. पाहुणे आले असतील तर त्यांनाही ओढून आणणार. "हे माझं. बघा, आहे का एक तरी भोक?" मग दुसऱ्यांच्या प्लेटा धरून शेरेबाजी. "हा बिचारा दुसऱ्या मिनिटाला चीत. ह्याला लंगोट बांधता येतो का?" मी म्हणायची, "पैलवान, हात लावू नका, ठसे उमटतात." तो चांगला उजवा कान सोडून मुद्दाम डावा पुढे करायचा.

आणि हा नाद नुसत्या प्लेटेपुरता नव्हता. साथीच्या गावी बाकीचे मास्क, चष्मा, दुहेरी हातमोजे चढवून दवाखान्यात शिरायचे. हा मास्क हनुवटीला अडकवून रोग्यांच्या खोलीत पहिला. मागच्या हंगामात एका तापलेल्या पोरीला उचलून आत नेलं, स्ट्रेचर मिळेना म्हणून. ती त्याच्या खांद्यावर खोकत होती. मी चिडले तर म्हणाला, "मला काय होतंय? पैलवानाला काय होतंय?" खरं सांगायचं तर तेव्हा मलाही तसंच वाटलं.

आता साहेबांचं सांगते. आमचे साहेब कधी आवाज चढवत नाहीत. मला ओरडणारी माणसं चालतात, त्यांच्यावर उलटं ओरडता येतं. साहेब गोड बोलतात, इतकं गोड की बाहेर आल्यावर कळतं, आपण जे मागायला गेलो होतो ते तिथेच विसरून आलो.

मधल्या काळात या तापावर लस निघाली. आमच्याकडे परीक्षेला आहे ती तिच्यापुढची, नवी. जुनी लस संस्थेतल्या सगळ्यांना टोचली. मला, नर्सला, बागेला पाणी घालणाऱ्याला, अगदी हिशेबनिसाला, ज्यानं आयुष्यात विषाणूची बाटली लांबूनसुद्धा पाहिली नाही. यादीत पैलवान नव्हता. त्याची बायको, आमची वहिनी, थेट साहेबांच्या खोलीत गेली. वहिनी शिवणकाम करते. गळ्यात माप घ्यायची टेप कायम, घरातून निघतानाही काढायची विसरते.

"साहेब, सगळ्यांना सुई टोचली, ह्यांना का नाही?"

"वहिनी, अहो, त्याला कशाला? त्याचं रक्त म्हणजेच लस आहे. आम्हीच त्याच्याकडून मागून घेतो."

पैलवान दाराशी उभा होता. हे ऐकून तो इतका फुगला, की त्या दिवशी त्याचा पट्टा खरोखर घट्ट झाला असेल. वहिनी घरी गेली. खरं कारण मला माहीत होतं. लस टोचली तर त्याच्या रक्तात लशीच्या अँटिबॉडी मिसळतील आणि मग ते आजारातून आलेलं, निर्भेळ माप राहणार नाही. माप बिघडू नये म्हणून माणूस तसाच ठेवला. तेव्हा मला हे कारण पटलं होतं. रक्त तगडं होतं, माणूस ठणठणीत होता, भांडायला जागा नव्हती.

यंदा बाटल्या परत संपत आल्या. बऱ्याच वर्षांनी नवं रक्त काढलं. पैलवान "धाकट्याच्या नावानं" म्हणाला, चहा प्यायला आणि गेला. मी नवं सीरम जुन्याच्या शेजारी लावलं. तसा नियमच आहे, नवी बाटली जुन्या बाटलीशी ताडून बघायची. प्लेटा धुतल्या आणि मी बघतच राहिले.

भोकं. नुसती चाळणी.

पहिल्यांदा मी स्वतःलाच शिव्या घातल्या. प्लेटेच्या कडेचे खळगे लवकर सुकतात, तिथे आकडे फसवतात. मला वाटलं, मी कडेला लावलं असेल. परत लावलं, मधोमध. परत चाळणी. मग शेजारच्या टेबलावरच्या बाईंना रक्त कुणाचं ते न सांगता त्यांच्या हातून करून घेतलं, म्हटलं माझेच हात थरथरत असतील. तरी तेच. शेजारी जुन्या बाटलीचे खळगे जांभळेशार, आणि नव्या बाटलीचे असे, की उंदरांनी कुरतडलेलं फडकं. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. वर्षं गेली होती. पैलवान म्हातारा झाला होता, त्याचं रक्तही उतरलं होतं. आणि फ्रीझरमधला पैलवान मात्र होता तसाच तरुण.

हंगाम तोंडावर होता. तापाचे पहिले रोगी सापडल्याची बातमी आली होती. म्हणजे गाडी निघणार आणि हा मास्क हनुवटीला अडकवून रोग्यांच्या खोलीत पहिला शिरणार.

मी प्लेटा घेऊन साहेबांकडे गेले. साहेबांनी त्या उजेडात धरल्या, हळहळले. मग म्हणाले, "काळजी करू नका. बाहेरून तयार संदर्भ सीरम मागवू. जुन्या दोन बाटल्या आहेत, त्यांच्याशी ते जुळवून घ्या. परीक्षा थांबणार नाही."

"परीक्षेचं नाही विचारत मी. पैलवानाचं काय?"

"त्याचं काय?"

"त्याला लस द्या. आजच्या आज."

साहेब हसले. "मॅडम, आकडा खाली आला म्हणजे संरक्षण गेलंच, असं म्हणता येत नाही. शरीराला जुनी आठवण असते. तुम्हाला मी काय सांगायचं?"

हे अर्धं खरं होतं, आणि अर्धं खरं बोलणाऱ्या माणसाचा मला खोटारड्यापेक्षा जास्त राग येतो. "मग नुसत्या आठवणीच्या भरवशावर तुम्ही शिराल रोग्यांच्या खोलीत? तुम्ही तर लस घेऊनसुद्धा शिरत नाही."

त्यांनी प्लेटा माझ्याकडे सरकवल्या. मग हळू आवाजात जे बोलले, ते ऐकून मला वाटलं, माझाच कान गेला. म्हणाले, "हंगाम संपला की त्याचं आणखी एकदा रक्त काढू. इतक्या वर्षांचा नैसर्गिक उतार, एकाच माणसात, मध्ये लस नाही. असं जगात फार कमी ठिकाणी मिळतं. तोवर थांबू या."

उतार बघायचा होता त्यांना. माणूस उतारावरून खाली येतोय आणि हे वर उभे राहून बघणार, किती वेगानं येतो ते. मी म्हटलं, "मग मीच सांगते त्याला." तर तितक्याच गोडीनं म्हणाले, "दात्याला निकाल सांगायचा नाही, त्यानं सही केलेल्या कागदात तसं आहे. आणि चाचणी करणाऱ्यानं दात्याशी निकालावर थेट बोलायचं नाही, हा नियम तर तुम्हीच नव्या मुलांना शिकवता."

शिकवते. चांगला नियम आहे. ज्यांची रक्तं आम्हाला नुसत्या आकड्यांनी माहीत असतात, त्यांच्यासाठी केलेला. हा माणूस रोज माझ्या टेबलापाशी चहा पितो. मी प्लेटा छातीशी धरून जिना उतरले.

पैलवान टेबलापाशी बसलेलाच होता. "काय ताई, चेहरा का असा? साहेबांनी झापलं काय?" असं म्हणत माझ्या हातातली वरची प्लेट त्यानं सवयीनं काढून घेतली आणि खिडकीत धरली. मी थांबवायला हवं होतं, की हेच होऊ द्यायचं होतं, मला ठरवता येईना.

"अरे रे रे," तो म्हणाला. "कोण हा गरीब? ह्याच्यात काही उरलंच नाही. हा तर पंचानं शिट्टी वाजवायच्या आत झोपला. ताई, असल्या माणसाला फिरू कसं देता हो? ह्याला आधी लस द्या, मग बाकीचं बघा. काय, साहेबाचं आहे का हे?" आणि मोठ्यानं हसला.

मी हसले नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. मग प्लेटेकडे. मग परत माझ्याकडे.

"बोला की."

"तुमचं आहे, पैलवान."

त्यानं उजवा कान पुढे केला. पहिल्यांदाच, ऐकू येणारा. "काय?"

मी परत सांगितलं. जुन्या आणि नव्या बाटलीचे खळगे शेजारी शेजारी दाखवले. लस का दिली नाही ते सांगितलं. हंगामानंतर पुन्हा रक्त काढणार आहेत, आणि कशासाठी, तेही सांगितलं. मला वाटलं होतं, तो साहेबांवर भडकेल. तो माझ्यावर भडकला.

"खोटं आहे! तुमचा हात चुकला!"

"तीनदा केलं."

"मग चौथ्यांदा करा! कडेला लावलं असेल. तुम्हीच म्हणता ना, कडेचं सुकतं!" मिशा थरथरत होत्या. "ताई, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय? तो पलंगावर असून गेला आणि मी जमिनीवर पडून राहिलो. का राहिलो? रोज स्वतःला विचारतो मी. एवढंच उत्तर होतं माझ्याकडं, हे रक्त. तेपण आता भोकं पडलेलं?"

त्यानं प्लेट टेबलावर आपटली, तिच्या कडेला चीर गेली. तो चहा तसाच टाकून गेला. संध्याकाळी त्यानं गाडी आत लावली, किल्ली खुंटीला अडकवली आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. त्या दिवशी मला साहेबांचा, नियमाचा, त्याचा, सगळ्यांचा राग आला. सगळ्यात जास्त त्या जांभळ्या रंगाचा, जो इतकं स्वच्छ दाखवतो आणि सांगायचं काम माझ्यावर सोडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकात वहिनी. गळ्यात टेप. मागे पैलवान, रात्रभर न झोपलेल्या डोळ्यांचा. ती माझा हात धरून मला ओढत जिना चढली. साहेबांच्या खोलीचं दार तिनं वाजवलं नाही.

"ह्यांना सुई द्या," ती म्हणाली.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत सगळं होतं, पण आवाज साखरेचाच. "वहिनी, बसा. जरा समजून घ्या. थोडेच महिने. तोवर मी त्याला गाडीवर पाठवतच नाही, दुसरा ड्रायव्हर जाईल. मग तर झालं? इतक्या वर्षांची मेहनत आहे ही. ह्याच्यासारखं माप दुसरं नाही."

"माप?" वहिनीनं गळ्यातली टेप काढून त्यांच्या टेबलावर टाकली. "हे माप. वापरून वापरून ताणली की फेकते मी आणि नवी आणते. माझा नवरा काय टेप आहे? आणि तुम्ही म्हणता, मुद्दाम ताणू द्या, किती ताणते ते बघायचंय!"

साहेब काही बोलणार तेवढ्यात पैलवान पुढे झाला. इतकं हळू बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. "साहेब, माहीत होतं तुम्हाला?"

"अरे, हे निकाल असे सरसकट..."

"मी काल गाडी धुतली. पेट्या भरून ठेवल्या. उद्या निघायचं म्हणून. तुम्ही वरून बघत होता. माहीत होतं?"

गोड माणसाकडे गोड उत्तर नव्हतं. असं कधी होईल असं मला वाटलं नव्हतं, आणि झालं तेव्हा मला आनंद झाला, लाज वाटावी इतका. मी म्हटलं, "साहेब, नर्सला खाली फोन करता, की मी जाऊन त्या हिशेबनिसापासून सगळ्यांना सांगू?"

त्यांनी फोन केला.

पैलवान त्याच खुर्चीत बसला, जिथे वर्षानुवर्षं त्याचं रक्त काढत आले. बाही वर केली. सुई आत जाताना डोळे मिटले नाहीत, काही म्हणालाही नाही. वहिनी बाजूला उभी राहून टेप गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती. त्या हंगामात गाडी दुसऱ्यानं नेली. पैलवान शेडमध्ये बसून त्याच्या नावानं बोटं मोडत राहिला, क्लच जाळला म्हणून.

साहेब माझ्याशी बोलायचे बंद झाले. बाहेरून मागवलेलं नवं माप आलं, थेंब थेंब जपून वापरावं लागणारं. माझं काम दुप्पट झालं. तेही कबूल करते.

लस घेतलेल्या कर्मचाऱ्यांची रक्तं नंतर तपासायची पद्धत आहे. नव्यानं लस दिलेल्यांचे नमुने आले, नुसत्या आकड्यांनी. नावं साहेबांकडे. मी प्लेटा धुतल्या. सगळ्या ठीकठाक, आणि एक अशी, की मी चष्मा पुसून परत बघितली. पहिल्या खळग्यापासून शेवटच्यापर्यंत जांभळी. जुन्या बाटलीनं जिथे हात टेकले असते, तिथेही एक भोक नाही. आजार होऊन गेलेल्या माणसाला वर लस मिळाली की असं होतं कधी कधी. मी निकाल वर पाठवला आणि पुढच्या कामाला लागले.

दुपारी साहेब स्वतः खाली आले. हसत. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा. त्या हसण्यावरूनच माझी खात्री झाली की आकडा कुणाचा आहे.

"मॅडम, झालं गेलं विसरून जाऊ. असं सीरम मी आजवर पाहिलं नाही. नव्या लशीसाठी ह्याच्यापेक्षा चांगलं माप मिळणार नाही. तुमचं ऐकतो तो. जरा बोला त्याच्याशी."

गरज सरो वैद्य मरो हे ठाऊक होतं. गरज परत आली की वैद्याच्या दारात असं हसत जायचं असतं, हे त्या दिवशी शिकले. "नाही साहेब," मी म्हटलं. "चाचणी करणाऱ्यानं दात्याशी निकालावर थेट बोलायचं नाही. नियम आहे."

मग ते स्वतः शेडमध्ये गेले. नर्सला घेऊन, ट्रे घेऊन, आणि बरोबर चहा. साहेबांनी ड्रायव्हरसाठी चहा आणलेला त्या शेडनं पहिल्यांदाच पाहिला असेल. मी खिडकीतून बघत होते, मग राहवेना म्हणून खाली जाऊन दाराशी उभी राहिले. पैलवान गाडीच्या पायरीवर बसला होता. साहेब वाकून बोलत होते, आणि त्याला 'तुम्ही' म्हणत होते. तुमचं रक्त आता पहिल्यापेक्षा तगडं आहे. तुमच्याशिवाय होणार नाही. लाखो लोकांना उपयोग होईल.

ते शेवटचं खरं होतं. मला ते सीरम हवं होतं, कुणाहीपेक्षा जास्त. रोज थेंब मोजत बसणारी मीच होते.

पैलवानानं चहा घेतला, पूर्ण प्यायला, कप पायरीवर ठेवला. मग डाव्या हाताची बाही वर केली. नर्स पट्टा घेऊन पुढे झाली. तो त्या हाताकडे बराच वेळ बघत राहिला. सुयांच्या खुणा अजून होत्या तिथे, बारीक बारीक, ओळीनं.

"हे सगळं धाकट्याच्या नावानं दिलं," तो म्हणाला. "दर वेळी. मला वाटायचं, तो देतोय."

"हो, हो. म्हणूनच तर..."

"त्याच्या वाटचं देऊन झालं, साहेब." त्यानं बाही खाली केली. "हे माझं आहे."

साहेब तिथेच उभे राहिले. पैलवानानं मनगटाचं बटण लावलं, दोन वेळा निसटलं ते तिसऱ्यांदा लागलं, आणि तो बादली घेऊन गाडी धुवायला निघून गेला.